शेजारच्या सीटवरच्या बाई

गाडी शिकवणाऱ्या बाईंना गाडी चालवता येत नव्हती. हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात तशी बाईंनी ती अकरा वर्षं झाकून ठेवली होती.

एके काळी येत होती, चांगली येत होती. पण शिकवणारीची जागा शेजारच्या सीटवर. तिच्या पायाखाली तिचा वेगळा ब्रेक, वेगळा क्लच. सकाळची पहिली शिकवणी बाईंच्याच गल्लीतली असायची, तो शिकाऊ दारातून गाडी काढायचा. संध्याकाळची शेवटचीही गल्लीतलीच, ती दारात आणून लावायची. मधल्या वेळात एकाने दुसऱ्याच्या घरापर्यंत चालवत न्यायची. वेळापत्रक इतकं चोख की बाईंना स्टिअरिंगला हात लावायची गरजच पडेना. मग एका सुट्टीच्या दिवशी त्या सहज चालकाच्या सीटवर बसल्या, शेजारी पाहिलं, तर ब्रेक मारायला कुणीच नाही. किल्ली पुन्हा खुंटीवर गेली. एखादा अपघात झाला असता तर निदान सांगायला तरी काही असतं. इथे काहीच झालं नव्हतं, नुसती सवय मोडली होती.

असं सुखाने चाललं असताना मुलीचा फोन आला. मुलगी डोंगरातल्या गावात राहायची, दिवस गेलेले, डॉक्टरांनी फार हलू नकोस म्हणून बजावलेलं. बस पायथ्यापर्यंतच जायची. जावई कामामुळे आठवड्यातले चार दिवस बाहेर. "आई, तू गाडी घेऊन ये," ती म्हणाली. "तू दारात असलीस की दवाखान्याची काळजीच नाही मला." शिकवणीची गाडी तर साध्या उड्डाणपुलावर धापा टाकायची, तेव्हा नवी घेणं आलंच. बाई हो म्हणाल्या.

नवऱ्याला मात्र स्फुरण चढलं. हा गृहस्थ वजनमाप खात्यातून निवृत्त झालेला. स्वतःला गाडी येत नव्हती. बाईंनी एकदा शिकवून पाहिलं होतं, त्यानंतर घरात चार दिवस अबोला होता. पण मत द्यायला परवाना लागत नाही. त्याने दोन छोट्या एसयूव्ही निवडल्या, एक पांढरी आणि एक लाल, आणि वहीत रकाने आखले. पांढरी भरवशाची. तसली गाडी असलेल्या अकरा जणांना त्याने फोन केले, त्यातल्या नऊ जणांना तर तो ओळखतही नव्हता. गाडी कधी रस्त्यात बसली नाही असं सगळ्यांनी सांगितलं. लालचं इंजिन टर्बो. घाटात भरल्या गाडीनिशी ती अशी चढायची की मागच्याने बघत राहावं, पण तिच्या गिअरबॉक्सबद्दल लोक जरा दबक्या आवाजात बोलायचे.

बाईंच्या हे पथ्यावर पडलं. दोन गाड्या असल्या की निर्णय लांबवता येतो. टेस्ट ड्राइव्हला त्या विक्रेत्यालाच चालवायला लावायच्या. शेजारी बसून गाडी जास्त कळते, असं त्या गंभीर चेहऱ्याने सांगायच्या आणि नवरा मागच्या सीटवर अभिमानाने फुगायचा. वळण आलं की बाईंचा पाय नसलेल्या ब्रेकवर जोरात आपटायचा. पांढरीला त्या म्हणाल्या, ही चढावर झोपते. लालला म्हणाल्या, ही पळते खरी, थांबते का ते बघा. पांढरीचं सस्पेन्शन कडक, लालचे आरसे लहान. नाचता येईना अंगण वाकडं. असे तीन महिने गेले. मुलीला नववा लागायला आला तशी बाईंची झोप उडाली, आणि नवऱ्याने लाल गाडीच्या शोरूममध्ये शेवटचं म्हणून पुन्हा नेलं.

या खेपेला विक्रीला एक नवी मुलगी होती. नवी कसली, बाईंचीच जुनी शिकाऊ. क्लच असा सोडायची की मानेचे मणके मोजून घ्यावेत, म्हणून बाईंनी तिचं नाव गचका ठेवलं होतं. परीक्षेत तीनदा नापास झाली होती. तिने बाईंना वाकून दार उघडलं, ते चालकाचं. बाई नेहमीचं शेजारून कळण्याचं प्रवचन सुरू करणार, तोवर गचका स्वतःच शेजारी जाऊन बसली आणि पट्टा लावला. नवरा वही घेऊन मागे चढला. पळायला वाट उरली नाही. बाई बसल्या. हात स्टिअरिंगवर ठेवले.

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली ती शोरूममागच्या चढावर जाऊन अर्ध्यात मेली आणि मागे घरंगळायला लागली. गचकाने हँडब्रेक ओढला. मागे पेन पडल्याचा आवाज आला.

"मी तिसऱ्यांदा नापास झाले तो दिवस आठवतो, बाई?" गचका हळूच म्हणाली. "मी रडत होते, घरी गाडी नेणार नाही म्हणाले. तुम्ही मैदानाशी दीड तास गाडीत बसून राहिलात. तुझी तू नेशील तेव्हा जाऊ, म्हणालात. सगळ्यांना सांगितलं मी, बाईंकडे धीर केवढा."

"मग?"

"मग इथे नोकरी लागली. रोज शेजारी बसायला लागले, आणि मध्येच एकदा डोक्यात उजेड पडला. तुम्हाला नेताच येत नव्हती ना?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गचका पुढे म्हणाली, "कुणाला बोलले नाही. तुम्ही चालवत नेली असती तर मी परत कधी बसलेच नसते. आता तुमची तुम्ही न्या. मी बसलेय."

क्लच हळू, आणखी हळू, इंजिनाचा आवाज ऐका, असं ती सांगत राहिली. शब्द बाईंचेच होते. दोनदा गाडी गचके देऊन थांबली. मग मात्र लाल गाडीने नाक उचललं आणि ती चढ चढून माथ्यावर गेली. बाईंनी ती थांबवली. त्यांना रडू आलं, आणि ते आवरायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"अकरा वर्षं मी गाडी चालवली नाही," त्या मागे न बघता म्हणाल्या. "पोरीला हो म्हणून बसले."

नवरा रागावलाय की काय ते आरशात दिसेना. मग त्याने विचारलं, "आता येईल?"

"पोरीकडे जायला तीन आठवडे आहेत. हिने शिकवलं तर येईल."

गचकाने मान हलवली. नवऱ्याने वही उघडली. "मग यातली कुठली?"

ज्या गाडीने एवढा चढ चढवला तिच्या स्टिअरिंगवर बाईंनी हात फिरवला. "पांढरी," त्या म्हणाल्या. "आम्हा दोघींत एक तरी भरवशाची हवी."

गचकाची विक्री डोळ्यांदेखत बुडाली. तिने पुढे पसरलेल्या उताराकडे बोट दाखवलं. "चालेल. पण ही आधी खाली न्यायचीय, बाई."

बाईंनी नाक पुसलं आणि पहिला गिअर टाकला.