यंदा पाळण्यात कुणाचा नंबर?

आमच्या कचेरीत लागेल तो कागद कधी वेळेवर सापडला नाही, पण किस्सा मागा, लगेच हजर! कागदाला निदान वाळवी तरी लागायची, किश्शाला तीही लागत नाही. एक सांगायला बसलं की मागून दुसरा येतो, आणि आमचे सगळे किस्से फिरून फिरून सोलापूरच्या त्या आकाशपाळण्यापाशीच जाऊन थांबतात.

कचेरी कुठल्या तालुक्याची ते मात्र विचारू नका. जिल्हा आपला उस्मानाबाद, आणि निजामाचं राज्य जाऊन आपण मुंबई राज्यात आलो तेव्हाची गोष्ट, एवढंच सांगतो. माझी पेन्शन अजून चालू आहे!

परवा आमचे जावई सहज बोलून गेले, "अण्णा, हल्ली त्या मोठ्या पार्कात लेकरं न्यायची म्हणजे मध्यमवर्गाला परवडत नाही हो."

हल्ली? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "जावईबापू, कधी परवडत होतं ते सांगा!"

*

सोलापूरच्या मैदानावर थंडीच्या दिवसांत एक करमणूक कंपनी तंबू ठोकायची. आकाशपाळणा, हसरे आरसे, लाकडी घोड्यांचं चक्र, मोटारसायकलवाल्याचा मौत का कुआँ. गावोगावी तिचे कागद चिकटवलेले असायचे. कचेरीसमोरच्या भिंतीवर पण एक होता आणि आमची लेकरं शाळेतून येताना रोज त्याच्यापुढं उभी राहायची. माझी नलू तेव्हा सहा वर्षांची. कागदावरच्या पाळण्यातली एक खोली तिनं बोट ठेवून स्वतःसाठी धरून ठेवली होती!

आमचे साहेब दर साली तिथं जायचे. कचेरीची जीप, बाईसाहेब, तीन लेकरं, मेहुणी आणि सामान धरायला शिपाई. दौऱ्याच्या कागदावर काय लिहायचे, माहिताय? "पीक पाहणी"! आता सोलापूर आपल्या जिल्ह्यात न्हाय, आपल्या तालुक्यात न्हाय. पण साहेबांना कोण विचारणार? शिवाय कंपनीवाला साहेब लोकांना पास द्यायचा. म्हणजे बघा, ज्याला परवडतं त्याला फुकट आणि ज्याला परवडत न्हाय त्यानं तिकीट काढायचं! ही कुठली रीत?

एकदा परत आल्यावर साहेब आम्हा कारकुनांपुढं उभे राहून म्हणाले, "तुम्ही लोक मुलांना कुठं नेत नाही का? माणसानं फिरावं, जग बघावं!"

आम्ही चौघं माना खाली घालून लिहीत राहिलो. साहेब आत गेले तसे नळदुर्गकडचे गुंडेराव हळूच म्हणाले, "यप्पा! यंदा पाळण्याला कणसं चांगली धरलेली दिसतेत!"

हसलो आम्ही. पण घरी जाईपर्यंत मला ते हसू कडू लागायला लागलं होतं.

*

त्याच आठवड्यात बाबूरावांनी तोड काढली. बाबूराव आमचे हेडक्लार्क. म्हणाले, "एकट्याला कुणालाच परवडत न्हाय ना? मग चौघांनी मिळून एकाला धाडायचं. दर महिन्याला डब्यात थोडं थोडं टाकायचं. दर साली एक घर जाईल. चार सालांत चारी घरं."

मी विचारलं, "आणि बाकीच्या तीन घरांच्या लेकरांनी तोवर काय करायचं?"

"ऐकायचं! जो जाऊन येईल त्यानं पुढच्या रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर सगळ्यांना बसवून सगळं सांगायचं. एक गोष्ट गाळायची न्हाय आणि एक गोष्ट पदरची घालायची न्हाय. पैसे चौघांचे, तर मजा बी चौघांची."

चिठ्ठ्या टाकल्या. पहिला नंबर बाबूरावांचा, दुसरा करीमभाईंचा, तिसरा गुंडेरावांचा. माझा शेवटचा. नलूनं बोटं मोजली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

*

बाबूराव गेले ते म्हातारी आई, बायको आणि चार लेकरं घेऊन. दारात कळलं, आत शिरायचंच तिकीट आहे! पाळण्याचं वेगळं, घोड्यांचं वेगळं, आरशाचं वेगळं. म्हणजे पैसे मोजून आत जायचं ते कशाला, तर आणखी पैसे कुठं द्यायचे ते बघायला! आत गेल्यावर लेकरांच्या एकेका खेळापुरतं उरलं. आजी राहिल्या.

आजी पाळण्याजवळ जाऊन बघत उभ्या राहिल्या तर तिथला माणूस खेकसला, "ए म्हातारे, तिकीट न्हाय तर दोरीच्या मागं हो!"

आजींनी पदर खोचला. दोरीला हात लावून चालायला लागल्या. पाळण्याला पुऱ्या पाच प्रदक्षिणा घातल्या! तो माणूस ओरडतोय, लोक बघायला जमलेत, बाबूराव शरमेनं मेल्यासारखे झालेत.

"आई, अगं काय करतीस?"

"त्यो माज्यासाठी फिरंना, मग म्याच त्याच्याभवती फिरती! ह्याला तरी तिकीट न्हाय न्हवं?"

*

दुसऱ्या साली करीमभाई. हे निजामाच्या वेळचे कारकून, उर्दूत अक्षर म्हणजे मोती. राज्य बदललं आणि हुकूम आला, मराठीची परीक्षा द्या, नाहीतर पगारवाढ बंद. चाळिशी ओलांडलेला माणूस पोरांच्या पाटीवर क, ख गिरवत बसला आणि पास झाला. पण मराठी कागद मोठ्यानं वाचायची वेळ आली की अडखळायचे, आणि साहेब मुद्दाम त्यांनाच वाचायला लावून हसायचे. त्या हसण्याचा राग मला आजही आहे.

निजामाचा हाली रुपया बंद झाला तेव्हा तो बदलून द्यायची खिडकी आमच्याच कचेरीत होती, आणि खिडकीत कोण? करीमभाई! येरमाळ्याकडचे, परांड्याकडचे पाव्हणेसुद्धा नातेवाइकांकडं आले की गठुडी घेऊन रांगेत उभे. करीमभाई एकेकाला समजावायचे, "बाबा, घरात अजून कुठं ठेवला असशील तर आत्ताच आण, मुदत संपली की ठीकरी!"

तर सोलापूरच्या त्या दारात डब्यातले पैसे थोडे कमी पडले. करीमभाई घाम पुसायला लागले. तेवढ्यात भाभींनी हसत हसत बुरख्यातून एक चपटी डबी काढली. सात वर्षं नवऱ्याला न कळू देता साठवलेले पैसे. सगळे हाली! आणि मुदत संपून गेलेली!

तिकीटवाल्यानं नाणं उचललं आणि फळीवर आपटलं. "हे चालत न्हाय. निजामाकडं जा म्हणावं."

अख्ख्या तालुक्याचे रुपये बदलून देणारा माणूस, आणि त्याच्याच घरात डबी राहिली! भाभी रडकुंडीला आल्या. करीमभाईंनी एकेक नाणं गोळा करून परत डबीत ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "चाळीस वर्षांचा मी मराठी शिकलो मियाँ. माझा रुपया बी शिकला असता, जरा टाइम द्यायचा होता."

त्या दिवशी त्यांची धाकटी दोघं आत गेली, बाकीचे दाराशी बसून राहिले. रविवारी त्या दोघांनीच ओसरीवर सगळं सांगितलं.

*

गुंडेरावांचा रविवार मात्र विसरणं शक्य नाही. असं रंगवून सांगितलं, की लेकरं हलायला तयार नाहीत! कुआँत मोटारसायकल कशी भिंतीवर चढली, आरशात बायको कशी भोपळ्याएवढी दिसली, पाळणा कसा सूं करून पुढच्या अंगानं आभाळात गेला. नलू तर तोंड उघडं टाकून ऐकत होती.

कोपऱ्यातून आजींनी विचारलं, "कुटल्या अंगानं वर गेला म्हनलास?"

"पुढच्या, आजी. पुढच्या अंगानं."

"त्यो मागल्या अंगानं वर चढतोय रं. पाच डाव बघितलाय म्या, सगळ्या बाजूनं. तू गेलाच न्हाईस."

गुंडेरावांचं तोंड उतरलं. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पुडी काढली आणि बाबूरावांपुढं ठेवली. सगळे पैसे तसेच, फक्त मोटारीचं भाडं गेलेलं.

कंपनीनं त्या साली दर दुप्पट केले होते. का? तर पाळण्याला नवा रंग दिला म्हणून! पाच माणसांना आत जाणंच जमेना. दोघांना नेऊन तिघांना बाहेर ठेवायचं गुंडेरावांच्या बायकोला पटेना. मग घरच्यांना सावलीत बसवून हा बाबा दुपारभर दारात उभा राहिला आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला गाठून विचारत बसला, "आत काय बघितलंत हो? सांगा की जरा."

"तीन घरची लेकरं वाट बघत होती," गुंडेराव म्हणाले. "रिकाम्या हातानं कसा येऊ?"

तुम्ही म्हणाल, गमतीदार माणूस. मला गंमत वाटली नाही. मला तो दर वाढवणारा समोर हवा होता!

*

चौथ्या साली आमचा नंबर. गुंडेरावांचे पैसे डब्यात तसेच होते, म्हणजे कमी पडायचा प्रश्न नव्हता. नलू आता दहाची झालेली. निघताना सगळ्या लेकरांनी तिला बजावलं, "वर गेल्यावर काय दिसतं ते नीट बघून ये." कारण इतक्या सालांत पाळण्याच्या अगदी वरून काय दिसतं, हे कुणालाच धड सांगता आलं नव्हतं. बाबूरावांच्या पोरांनी तर वर गेल्यावर डोळेच मिटले होते!

बायकोचं डोकं गरगरतं, ती माझ्याजवळ खाली थांबली. नलू एकटी बसली. पाळणा हळूहळू मागल्या अंगानं चढला, नलू अगदी टोकाला पोचली, आणि पाळणा थांबला.

का थांबला? तर साहेब आले होते! बाईसाहेब, लेकरं, मेहुणी, शिपाई, पास. कंपनीवाला पुढं धावला, खालची खोली पुसायला लावली. बाईसाहेब म्हणाल्या, आधी शेंगा घेऊ. शेंगा आल्या. मग मेहुणी म्हणाली, मला या रंगाची खोली नको. मग साहेबांना कुणी ओळखीचं भेटलं, त्यांचं बोलणं सुरू झालं. आणि माझी पोर वर आभाळात, वाऱ्यात, एका दांडीला धरून! तिची आई खालून "नलू, नलू" करतीये आणि पाळणेवाला म्हणतोय, "साहेब बसल्याबिगर हलणार न्हाय."

बावीस वर्षं नोकरी केली होती मी. साहेबापुढं मान वर केली नव्हती. पण त्या दिवशी दोरी ओलांडली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो, "साहेब! तुमची पीक पाहणी मागनं करा! माझी पोरगी वर हाय!"

लोक हसायला लागले. कुणीतरी मागून विचारलं, "कसलं पीक हो?" तर मी तेही सांगितलं! जीप, दौरा, पास, सगळं. साहेबांचा चेहरा पांढरा झाला. कंपनीवाल्यानं घाबरून पाळणा उलटा सोडला आणि नलूला खाली उतरवलं. एक फेरीसुद्धा पुरी झाली नाही. पैसे परत मागितले तर म्हणाला, "बसली होती न्हवं?"

*

रविवारी सकाळी ओसरी भरली. चार दिवसांत काय झालं ते मोठ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. लेकरं मात्र नलूभोवती दाटीवाटीनं बसली.

"सांग की ग, वरून काय दिसलं?"

नलूनं आजींकडं बघितलं. पदरची गोष्ट घालायची नाही हा नियम तिला पाठ होता. "पाळणा फिरलाच न्हाय," ती म्हणाली. "अर्धाच गेला आणि थांबला. मी लई वेळ वरच होते. आधी भ्या वाटलं. मग खाली बघितलं तर अण्णा दिसले. दोरीच्या आत शिरले होते आणि साहेबांवर ओरडत होते. साहेब वरून एवढुसे दिसत होते. टोपी तेवढी दिसत होती."

"आन् आण्णा?" आजींनी विचारलं.

"अण्णा तेवढेच दिसले, जेवढे असतात."

आजी माझ्याकडं सरकून म्हणाल्या, "आसला खेळ तर म्या बी बघितला आस्ता. त्याला तिकीट किती पडलं रं?"

मी खिशातून परांड्याला झालेल्या माझ्या बदलीचा हुकूम काढला आणि शेजारी बसलेल्या करीमभाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, उभे राहिले, आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून साहेबांच्या सहीपर्यंत, कुठंही न अडखळता.