सासूच्या वर्षात सुनेचं गाणं

आमच्या घरात दोघी मिळून गाणं करतात. नात गिटार वाजवते आणि तिची आई, म्हणजे माझी सून, गाते. तिसरं कोणी नाय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, तबला कुठंय? नात म्हणाली, गिटारच तबला. तिचा उजवा हात तारांवर चक-चक असा सारखा चालतो, शेवंतीच्या वाफ्यात खुरपं चालावं तसा. या गाण्याला जिप्सी जॅझ म्हणतात. तिकडं फ्रान्सकडं बिऱ्हाड गाडीत घालून हिंडणारे लोक असतात, त्यांचं गाणं. शब्द मला एक कळत नाही. सुनेलाही सगळे कळत नसतील, पण गाते झकास.

माझी बायको ओट्यावर हार करायला बसली की या दोघींना समोर बसवायची. म्हणायची, यांचं चालू असलं की हात पळतो. गणपती उठले आणि चार दिवसांत ती गेली. तेव्हापासून गिटार कपाटावर, सून गप्प, मीही गप्प. सकाळी फुलं तोडायची, मार्केटला पोचवायची, जेवायचं, पडायचं.

दहा महिने असे गेले. मग नातीच्या ओळखीच्या लोकांनी गंगापूर रोडला एका लहान हॉलात कार्यक्रम ठरवला. त्यात पाऊण तास या दोघींचा. नात नाचायलाच लागली. सून म्हणाली, नको, आईंचं वर्ष व्हायचंय. आमच्यात वर्षभर सण करत नाहीत, मग स्टेजवर गाणं कुठलं? सायखेड्याहून माझी बहीण मुद्दाम आली आणि लोक तोंडात शेण घालतील म्हणून सुनेसमोरच सांगून बसली. मुलगा म्हणाला, नाना सांगतील तसं.

मला खरं तर नकोच म्हणायचं होतं. घरात कोणी हसलं तरी मला राग यायचा. ही नाही आणि यांना हसू सुचतंय, असं वाटायचं. पाणी प्यायला आत गेलो तर सून भाकरी थापत होती आणि तोंडातल्या तोंडात तेच गाणं म्हणत होती. मला बघून चटकन थांबली, चोरी पकडल्यासारखी. माझी मलाच लाज वाटली. घरच्या बाईनं माझ्या भ्यानं गाणं गिळावं, हे बायकोला अजिबात खपलं नसतं.

पाणी तसंच ठेवून बाहेर आलो आणि बहिणीला म्हणालो, "वर्ष माझ्या बायकोचं आहे. ते कसं पाळायचं ते मी ठरवीन. सून गाणार. आणि तू पुढच्या रांगेत बसणार."

बहीण फणकारली. पण कार्यक्रमाच्या दिवशी आली, इस्त्रीचं लुगडं नेसून.

हॉलात पुढची रांग सगळी आमचीच. गिटार सुरू झाली आणि मला राहवेना. देवळात भजनाला बसायची सवय, पहिल्या ठोक्याला टाळी. मी वाजवली तशी बहिणीनं वाजवली, मग सगळ्या रांगेनं. या गाण्यात टाळी पडते दुसऱ्या ठोक्याला, हे आम्हाला कोण सांगणार? नातीला हसू आवरेना, तिचा हात अडखळला. सून गाता गाता थांबली आणि माईकवरच म्हणाली, "नाना, तुमची टाळी आधी पडतीय. जरा दम धरा."

लग्न होऊन आली तेव्हापासून या पोरीनं माझ्यापुढं मान वर केली नव्हती. आपण काय बोललो हे लक्षात आल्यावर ती पांढरी पडली. बहिणीनं कपाळाला हात लावला. आणि मला जे हसू फुटलं! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. बायको असती तर तिनं टाळी बरोबर वाजवली असती. तिला हे गाणं माझ्याआधी कळलं होतं. मग सुनेनं बोटांनी दाखवलं, एक सोडा, दोनला वाजवा. पुन्हा पहिल्यापासून गायली, काय मोकळी गायली. मला जमलं. हळूहळू सगळ्या रांगेला जमलं. बहिणीला काही जमलं नाय.

परत येताना गाडीत बहिणीनं मला हळूच विचारलं, वर्षश्राद्धाला पाव्हणे येतील, जेवणं झाल्यावर ही म्हणेल का? मी म्हणालो, ती तुझ्या शेजारीच बसलीय, तिला विचार. बहिणीनं विचारलं.

सून म्हणाली, "म्हणेन की आत्याबाई. पण तुम्ही टाळ्या वाजवायच्या नाहीत."