मळभ आलं, कपडे आत घ्या!

धाकट्या सुनेच्या ओठांचे कोपरे जन्मापासूनच खाली वळलेले. मनात आनंद असो वा नसो, चेहरा कायम सुतकी. एवढाच काय तो तिचा गुन्हा. पण सासरची लाँड्री नणंदेच्या हुकमावर चालायची, आणि नणंदेच्या जिभेला हाड नव्हतं. लग्नाला आठवडाही झाला नसेल. ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन धाकटी गच्चीवर आली, तशी नणंद ओरडली, "मळभ आलं गं! कपडे आत घ्या!"

धुणाऱ्या, पिळणाऱ्या सगळ्या जणी खदाखदा हसल्या. नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरं तर ही लाँड्रीची जुनी आरोळी. आभाळ भरून आलं की गच्चीवरून कुणीतरी ती द्यायचं आणि सगळे जिना चढत धावायचे. नणंदेने ती थट्टेला जुंपल्यावर खऱ्या ढगांसाठी "पाऊस, पाऊस" असं ओरडावं लागू लागलं.

सासऱ्यांना शब्दांची फोड करायची भारी हौस. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना समजावायचे, "मळ म्हणजे घाण, अभ्र म्हणजे ढग. मळकट ढग म्हणजे मळभ. मनावरसुद्धा येतं बरं का. आमच्याकडे तर दोन वेळ जेवायलाही येतं!"

नवरा म्हणायचा, "थट्टाच आहे, मनाला काय लावून घेतेस?" हीच थट्टा त्याची झाली असती तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. पण असो.

धाकटीने वर्षानुवर्षं गिळलं. मग एक दिवस तिची लेक कपाटाच्या आरशासमोर दिसली. दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलत उभी होती.

"काय करतेस गं?"

"आत्या म्हणाली, मी छोटं मळभ. असं धरून ठेवलं की जातं का गं, आई?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नणंदेचं वाईट व्हावं, असं तिला त्या दिवशी अगदी मनापासून वाटलं. पण ती टोपली उचलून गच्चीवर चादरी वाळत घालायला गेली. मळभ कधी गरजत नाही, हे सासऱ्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं नव्हतं.

संधी चालून आली. एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळी मेजवानी होती. तिथले पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ गच्चीभर वाळत होते, आणि खाली नणंद हॉटेलच्या मॅनेजरला चहा पाजत होती. गच्चीवर धाकटी एकटीच. वारा फिरला. पाण्याच्या टाकीमागून काळंकुट्ट आभाळ वर सरकलं. "पाऊस" एवढा एक शब्द पुरला असता. ती कठड्याशी गेली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "मळभ आलं! कपडे आत घ्या!"

खाली हशा पिकला. "ऐकलंत? आता स्वतःच सांगायला लागली!" नणंद म्हणाली. मॅनेजरही हसला.

धाकटी पुन्हा ओरडली, मग आणखी एकदा. हशा वाढतच गेला. मग ती टाकीच्या आडोशाला बसली आणि डोळे भरून पाहू लागली. आधी वाऱ्याने निम्मं कापड रस्त्यावरच्या चिखलात नेलं, मग उरलेल्यावर पाऊस कोसळला.

नणंद वर आली ती चिंब भिजत. "दिसत होतं तर नीट सांगायला काय झालं होतं तुला?"

"नीटच सांगितलं, वन्सं. तीनदा. तुमच्याच शब्दांत."

जिन्यात मॅनेजर उभा होता. त्यानेही त्या तिन्ही हाका ऐकल्या होत्या, वर हसलाही होता. हॉटेलचं काम मात्र दुसऱ्याच दिवशी सुटलं. नवऱ्याचंही नुकसान झालं, पण धाकटीला त्याचं तिळमात्र वाईट वाटलं नाही.

त्यानंतर त्या घरात तो शब्द कुणी उच्चारेना. ढग आलेच तर नणंद चाचरत म्हणायची, "आभाळ जरा... भरलंय वाटतं." सासऱ्यांची फोड बंद पडली.

मग एका दुपारी मायलेकी गच्चीवर चादरी घालत होत्या. लख्ख ऊन होतं. धाकटी कठड्याशी गेली.

"मळभ आलं! कपडे आत घ्या!"

जिना धडधडला. सगळ्यात पुढे नणंद, धापा टाकत, अनवाणी. तिने वर पाहिलं. निळंशार आभाळ. लेक खुदकन हसली, ओठांना बोट न लावता.

"थट्टाच हो, वन्सं," धाकटी म्हणाली. "मनाला काय लावून घेता?"