वाघमाऱ्यांचं पाणी

रोज सकाळी पाण्याला हात लावण्याआधी वाघमारे कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे. मग तिसऱ्या खड्ड्यात ओंजळ बुडवून ती नाकाशी न्यायचे. सांडपाण्याच्या काठी चाललेलं हे सोवळं पाहून पहिल्या दिवशी मला हसू आलं. विचारलं तर म्हणाले, "आधी हात धुवावं लागतंय, साहेब. वास पाण्याचा हाय का हाताचा, ते कळाया पायजे."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. साहेब लोक आले, त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली, दारोदार नावाच्या पाट्या लागल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. त्यात दुष्काळ. मी वसाहतीचा ओव्हरसियर आणि वाघमारे माझ्या हाताखालचे, रोजंदारीवरचे पंपचालक. बोअर आटला आणि साहेब लोकांसाठी टँकर सुरू झाला. चालवायला पंपच उरला नाही, तेव्हा या माणसाने मागच्या पडीक जागेत तीन खड्डे खणले आणि मोरीचं, धुण्याचं पाणी तिकडे वळवलं. संडासाची लाइन वेगळी आहे, याची त्यांनी स्वतः उकरून खात्री करून घेतली. पहिल्या खड्ड्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात खडी आणि वाळू भरलेली, तिसऱ्यात लव्हाळा लावलेला. पूर्वी नांदेडला फिल्टरची वाळू धुण्यात त्यांची बारा वर्षं गेली होती. शाळा चौथीपर्यंत. "मला वाळूनंच शिकवलं बगा," म्हणायचे.

त्या पाण्यावर वसाहतीतली झाडं जगली आणि आठ-दहा गुंठे चाऱ्याचा घास हिरवागार उभा राहिला. भाजी लावा म्हटलं की मात्र साफ नकार. "माणसाच्या तोंडात जाईल असं काई न्हाई लावायचं. आपली हुशारी दाखवाया कुणाचं पोट कशाला खराब करा?"

घास नेणारे एकच, शेजारच्या गावचे माणिकराव. ते वसाहतीला दूध घालायचे आणि त्यांच्या रानात काडी उरली नव्हती. वाघमारे भारे बांधून बांधावर ठेवायचे आणि वीस पावलं मागे सरून उभे राहायचे. मग माणिकराव येऊन उचलायचे. हातातून हातात भारा कधी गेला नाही. मी हे रोज बघत होतो आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, हेही लिहून टाकतो.

पुढे एका साहेबांच्या मुलीला जुलाब झाले. संशय दुधावर गेला, दुधावरून चाऱ्यावर. माणिकरावांनी सगळ्यांसमोर लेकराची आण घेतली. "त्याच्या हातचा चारा माझ्या म्हशीनं हुंगला सुदिक न्हाई." पाच महिने त्यांच्या म्हशी त्याच घासावर जगल्या होत्या. वाघमारे तिथेच उभे होते. नंतर मीच चिडून विचारलं, खरं का सांगितलं नाही? म्हणाले, "त्याचं दूध बंद झालं तर म्हशी खाटकाच्या दारात जातील. म्हशीनं काय केलंय?"

वरिष्ठांनी माझ्याकडे अहवाल मागितला. "सगळ्यांचं समाधान होईल असं लिहा," असंही वर सांगितलं. महिन्यापूर्वी मी स्वतः ते पाणी तपासून आणलं होतं. चाऱ्याला आणि झाडांना चालेल, असा कागद माझ्या खणात पडून होता. वाघमाऱ्यांना ते ठाऊक होतं. ते ऑफिसच्या दारापर्यंत आले, उंबऱ्याबाहेरच थांबले.

"मला काढायचं तर काढा, साहेब. मी कामचुकार हाय म्हणून लिवा, हरकत न्हाई. पाणी खराब हाय, असं तेवढं लिवू नका. लई जिवानं केलंय ते."

माझ्या बढतीची फाइल त्याच वरिष्ठांच्या टेबलावर होती. मी लिहिलं, पाणी दूषित व आरोग्यास अपायकारक. खड्डे मुरूम टाकून बुजवले. वाघमाऱ्यांचा तो कामाचा शेवटचा दिवस होता आणि फावडं त्यांच्याच हातात होतं. मुलीला टँकरचं पाणी बाधलं होतं, हे डॉक्टरांनी आठवड्याने सांगितलं. तोवर घास करपला होता. झाडंही एकेक करून गेली. माणिकरावांनी म्हशी विकल्या आणि मला बढती मिळाली.

निवृत्त झाल्यावर एकदा कंधारच्या बाजूला त्यांच्या गावी गेलो. मे महिना. एसटीने फाट्यावर सोडलं, तिथून दोन-अडीच मैल उन्हात चालत. माफी मागायची होती. वाटेत वाक्यंही जुळवली होती. वाघमारे पार थकले होते, पण त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. हसले, खाटेवर बसवलं, सुनेला हाक मारली. तिने तांब्या-पेला आणून माझ्यापुढे धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, नको. आत्ताच पिऊन आलो."

घसा कोरडा पडला होता. फाट्यापासून त्या घरापर्यंत साधा हापसाही नव्हता, आणि हे त्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. सून तशीच उभी राहिली.

वाघमाऱ्यांनी तिच्या हातून पेला घेतला आणि ते सावकाश स्वतः प्यायले.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी समजून राहिलो व्हतो, तुम्ही भिऊन तसं लिवलं. तुम्हाला तर ते खरंच वाटत व्हतं."