दिसून राहिलं का?

लाखनीत इंटरनेटचा छोटा धंदा सुरू केला तेव्हा माझ्या डोक्यात नुसता गोंधळ होता. तलावापलीकडच्या गावात नेट हवेतून न्यायचं होतं आणि तिथल्या लोकांना मी शब्द देऊन बसलो होतो. परवान्याच्या रेडिओलहरी मोठ्या कंपन्यांकडे. उरल्या फुकटच्या, त्यातही दोन जाती: एक झाडातून थोडीफार निघते पण हळू, दुसरी वेगवान पण मध्ये पाला आला की अडते.

टॉवरवर चढणारा एक माणूस भंडाऱ्याहून आला. त्याचं नाव विचारायचं राहिलंच. उत्तर देण्याआधी तो एक डोळा मिटायचा आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा या गालातून त्या गालात सरकवायचा.

"भाऊ, यातली कोणती लावू?"

डोळा मिटला. "दोन्ही चांगल्या हायेत जी. दिसत असन तं वेगवाली लावा."

वेगवाल्या लहरीची छत्री, म्हणजे डिश, घेऊन तो टॉवरवर चढला. मी खालून ओरडलो, "दिसून राहिलं का?"

"दिसून राहिलं," तो म्हणाला आणि त्याने नट आवळले.

तो उतरल्यावर मी विचारलं, "गाव साफ दिसते ना?"

"गाव? मी तं छत्रीमागच्या डब्बीवरचा लाइट पाहून राहिलो होतो. हिरवा हाये."

तो गेल्यावर मी स्वतः चढून पाहिलं. मध्ये मोहाचं मोठं झाड होतं, पानगळीने उघडं पडलेलं. फांद्यांमधून गाव दिसतंय की नाही, ते मला ठरवता येईना.

नेट मात्र चालू आहे. आता मोहाला तांबूस पालवी फुटतेय. रोज सकाळी मी आधी लाइट पाहतो, मग झाड.