तरवडाखालची जागा

कडूबाईचं नाव कडू ठेवलं ते तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून. कडू म्हटलं की मरणसुद्धा तोंड वाकडं करून पुढच्या दाराला जातं, असा आईचा हिशोब. ती जगलीही. पण स्वतःला लेक झाली तेव्हा तिनं हट्ट धरला, की माझ्या लेकीला धोंडाबिंडा म्हणायचं नाही, तिचा बाप आला की गोडसं नाव ठेवू. बाप, धर्मराज, ऊसतोडीला गेलेला. तो यायच्या आतच लेक तापानं गेली. बिननावाची गेली.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. सासऱ्यानं, तात्याबानं, तिला धडुत्यात गुंडाळून एकट्यानंच गावाबाहेरच्या गायरानात नेलं. बायांनी मागं जायचं नसतं. आणि नेणाऱ्यानं आईला जागा सांगायची नसते. सांगितली की आई तिथंच जाऊन बसते, मग पुढची कूस धरत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! कडूबाईनं विचारलं नाही, तात्याबानं सांगितलं नाही. आणि कूस पुन्हा उजवली नाही ती नाहीच.

मग टँकरचा तो दुष्काळ आला. त्याच साली गावच्या मजूर सहकारी संस्थेला रस्त्याचं काम मिळालं, कडा या बाजारगावाच्या मोठ्या रस्त्यापासून गावापर्यंत. संस्था मजुरांची, पण मजूर सगळे उसाच्या फडात नाहीतर जनावरांच्या छावणीत. कामाला एक जेसीबी आणि चेअरमन बबनराव. मुरूम कुठला, तर गायरानातला. खदान बघता बघता लेकरं पुरायच्या जागेला जाऊन भिडली.

शेजारपाजारचे लोक वैतागले. रामकिसनच्या घराला तडे गेले, विहीर होती नव्हती ती आटली, आणि त्यानं तहसीलीत तक्रारींचा सपाटा लावला. कडूबाईचं दुखणं वेगळंच होतं. वारा सुटला की खदानीतली तांबूस धूळ तिच्या घरात यायची. परातीतल्या पिठावर बसायची, हंड्यातल्या पाण्यावर सायीसारखी धरायची. ते पाणी तिला ओतूनही देववेना आणि पिववेना. ह्यात ती असली तर? जेसीबीचा पंजा दगडावर खरवडला की तिच्या अंगावर काटा यायचा. तसंच कण्हली होती ती शेवटच्या दिवशी. भर दुपारी कडूबाई कानावर हात ठेवून चुलीपुढं बसायची, आणि जेसीबी थांबला तरी कानातला आवाज थांबायचा नाही.

शेवटी तिनं सासऱ्याला विचारलंच.

"मामा, खदानीत गेली का वो ती?"

"ध्यानात न्हाई पोरी," तात्याबा भिंतीकडं बघत म्हणाला.

ध्यानात नाही! कुणाचा बैल कुठल्या बाजारात घेतला ते सांगणारा म्हातारा हा. कडूबाईचं त्या दिवसापासून अन्नावरचं मन उडालं.

तक्रारींना फळ आलं आणि पंचनाम्याला नायब तहसीलदार मॅडम आल्या. बाई सरळ होत्या, उगाच कुणाचं का वाईट बोला. तलाठ्यानं टेप धरून खदान मोजली, आणि मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, की पुरायच्या जागेत खोदलं असेल तर आजच्या आज काम बंद करते. पण ऐकीव चालणार नाही, ज्यानं स्वतः पुरलं त्यानं येऊन जागा दाखवायची. पुरणारे बाकीचे म्हातारे कधीच वर गेलेले. उरला होता एकटा तात्याबा. रामकिसननं त्याला सकाळीच घरी येऊन सांगून ठेवलं होतं, की फक्त खदानीकडं बोट कर, पुढचं आम्ही बघतो.

तात्याबा खदानीच्या काठाला आला. बायांच्या घोळक्यात कडूबाई पदर तोंडात धरून उभी होती. तिला काम बंद होण्याशी देणंघेणं नव्हतं, तिला जागा पाहिजे होती. म्हाताऱ्यानं खाली खड्ड्यात पाहिलं, लई वेळ पाहिलं. मग सुनेकडं पाहिलं. आणि तो वळला, खदानीच्या पार पलीकडं, न खोदलेल्या भागात गेला आणि एका तरवडाच्या झुडपाखाली त्यानं काठी टेकवली.

"हितं हाय माझी नात," तो म्हणाला. "तिला कुणाचा हात लागला न्हाई."

झालं. खदान नियमात बसली. धुळीचा त्रास होतो म्हणून तेवढा हुकूम निघाला, की संस्थेनं मुरमावर रोज पाणी मारावं. माणसाला प्यायला घागर मिळत नव्हती, आणि मुरमाला टँकर लागला! बबनरावांनी तो हौसेनं लावला. रामकिसन तात्याबासमोर थुंकून निघून गेला. म्हातारा चेअरमनला विकला गेला, असं गावभर झालं. पारावर तो बसला की बाकीचे उठून जायचे.

कडूबाई मात्र जेवायला लागली. दर शुक्रवारी वाटीभर शेळीचं दूध घेऊन ती तरवडाखाली जायची, तिथंच बसायची. मनात धरून ठेवलेलं नाव तिनं तिथं पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं, आणि पोटभर रडून घेतलं. कानातला आवाज थांबला. रात्रीची झोप लागायला लागली.

चैत्रात सासरा-सून कड्याच्या बाजाराहून परत येत होती. जीप फाट्यावर सोडून गेली. समोर नवा रस्ता, खदानीतला मुरूम दाबून केलेला, घरापर्यंत सरळ. कडूबाई चालायला लागली. मागं पाहिलं तर तात्याबानं वहाणा काढून हातात घेतल्या होत्या आणि तो बाजूच्या नांगरटीत उतरला होता. ढेकळं उन्हानं तापलेली, मधे बाभळीचे काटे.

"मामा, रस्ता सोडून कावून?"

"तू चल रस्त्यानं," तो म्हणाला. "माझा पाय न्हाई उचलत त्यावर."

कडूबाईनं पायाखाली पाहिलं. तांबूस, बारीक, चाकांनी गुळगुळीत केलेला मुरूम. लेक कुठं आहे, किती लांबवर पसरली आहे, सगळं तिला कळलं. म्हाताऱ्यानं गावाच्या शिव्या कशासाठी घेतल्या तेही कळलं. तिनं चपला काढल्या आणि त्याच्या मागून ढेकळांतून चालत घरी आली.

शुक्रवारी तिनं वाटीत दूध घेतलं. तात्याबा ओट्यावर बसला होता. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मामा, लेकीकडं जाऊन येते."

"जाय," तो म्हणाला. "ऊन व्हायच्या आत ये."