वीतभर तारेतला फरक

बापट सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, त्याला महिना होत आला. मी प्रयोगशाळेतच होते. फोन ठेवून काम पुढे चालू ठेवलं... रडू आलं ते थाटीपुरच्या माझ्या क्वार्टरमध्ये पोचल्यावर.

सेकंदाच्या अब्जाव्या भागापुरता टिकणारा, हजारो व्होल्टचा झटका देणारी यंत्रं सर बनवत. जुने लोक हे काम ठिणगी पाडून करत, सर ट्रान्झिस्टरची रांग लावून. रांगेतले सगळे एकाच क्षणी चालू व्हायला हवेत, एखादा मागे राहिला की सगळा भार त्याच्यावर आणि तो जळालाच. "वीतभर तार म्हणजे एक नॅनोसेकंद उशीर," असं ते बोटं ताणून दाखवत. म्हणून प्रत्येकाला जाणारी तार सारख्याच लांबीची, अगदी जवळच्याचीसुद्धा. उरलेल्या तारेची वेटोळी लोंबत असत, टेबल बघवत नसे.

मी सरांच्या हाताखाली लागले त्याच सुमारास दोन विभागांचं विलीनीकरण झालं. ठिणगीवाले आणि आम्ही एका खोलीत आलो, आणि कोणाचं काम ठेवायचं ते ठरवणाऱ्या समितीसमोर यंत्र चाललं नाही तर सरांचं काम बंद, माझी कंत्राटी नोकरीही गेली, हे उघड होतं. मी नवीन होते, टापटिपीची मोठी हौस. समिती यायच्या चार दिवस आधी मी ती वेटोळी कापून सगळं नीटनेटकं केलं. सकाळी सरांनी बटण दाबलं आणि ट्रान्झिस्टर पटापट जळाले.

"कोणी केलं हे?"

"मी, सर."

त्यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "चल, फूलबागेला एक चक्कर मारू. दिमाग थंडा होईल."

तिथे चालता चालता एकदम थांबले. "कापलेली तार काही वाढत नाही. मग सगळ्याच छोट्या करू ना, एकदम बराबर. तारा बीचमधून निघतील, ट्रान्झिस्टर भोवती गोल लावू." तीन दिवस आम्ही खपलो. भाकरीएवढी गोल सर्किटची पाटी तयार झाली, आणि आखूड तारांमुळे झटका आधीपेक्षाही धारदार निघाला.

समितीतल्या साहेबांनी विचारलं, "ये गोल वाला आइडिया किसका है?"

"इनका," सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

काम वाचलं, नोकरीही वाचली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, ती तर माझी चूक होती." ते म्हणाले, "मालूम आहे. आता काम शिक." पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही ते श्रेय गुपचूप मिरवत राहिले. आज पहिल्यांदाच लिहिते आहे... लाज वाटते, आणि हलकंही वाटतं.

गेल्या हिवाळ्यात, खरोखर माझी म्हणावी अशी एक नवी पाटी घेऊन सराफ्याजवळच्या त्यांच्या घरी गेले. चष्मा चढवून त्यांनी ती उलटसुलट केली. "यात गलती कुठे केलीस?" मी एक दाखवली. ते हसले, पेन्सिल घेऊन आणखी दोन ठिकाणी गोल काढले. त्यातली एक चूक मी सुधारली आहे. दुसरी अजून सापडत नाही. त्यांचा पेन्सिलीचा गोल पुसू दिलेला नाही, आणि आज जेवण झालं की पुन्हा त्याच्यापुढेच बसणार आहे.